चाल दुसऱ्याची, बांधणी कोणाची?

"मूळ गाणंच तुझं नाही, मग चोरी कसली?"

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत एका पार्टीनं मेहनतीनं बसवलेलं गाणं दुसरी पार्टी जसंच्या तसं उचलते, आणि पहिल्यानं तोंड उघडलं की हे वाक्य त्याच्या अंगावर फेकलं जातं. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत उतरलेली भजनी मंडळं असोत की वडशाच्या नाटक कंपन्या, सगळीकडे हा युक्तिवाद सारखाच ऐकू येतो. गाणं सिनेमातलं, चाल मुंबईच्या संगीतकाराची, शब्द तिसऱ्याच कवीचे. मग चामोर्शीच्या पेटीवाल्याचं त्यात काय गेलं? ऐकायला हे बिनतोड वाटतं, म्हणून तक्रार करणारा गप्प बसतो. त्यानं गप्प बसू नये असं मला ठामपणे वाटतं. हा युक्तिवाद ज्या ज्या पायावर उभा आहे, तो प्रत्येक पाय पोकळ आहे.

आधी, उचललं काय जातं ते नीट पाहू. एखादं सिनेमातलं गाणं घ्या. मूळ ध्वनिमुद्रणात व्हायोलिनचा ताफा आहे, बासरी आहे, गिटार आहे, मागं कोरस आहे. आपल्या नाटकाच्या रंगमंचापुढं बसलेत तिघं: ऑर्गनवाला, तबला-ढोलकीवाला आणि ऑक्टोपॅडवाला. गाणारी नटी रात्री दहापासून संवाद म्हणतेय आणि हे गाणं तिला पहाटे दोनला गायचंय. मूळ गाणं काळी पाचमध्ये, तिचा गळा काळी तीनच्या वर ताणला की फाटतो. ऑर्गनवाला सूर खाली घेतो. सूर उतरला की मुखड्यातला खर्जाचा स्वर तिच्या आवाक्याबाहेर जातो, म्हणून तेवढी जागा तो वेगळ्या वळणानं बसवतो. व्हायोलिनचा लांबलचक तुकडा एकट्या ऑर्गनवर केविलवाणा वाटेल, म्हणून तो काढून टाकतो आणि तिथं ढोलकीचा उठाव ठेवतो. पहिली ओळ तालाशिवाय, नुसत्या सुरावर, कारण प्रसंग ताटातुटीचा आहे. दुसऱ्यांदा तीच ओळ आली की केरवा सुरू. शेवटच्या अंतऱ्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबतात, नटी एकटी गाते, आणि मग तिहाई घेऊन गाणं संपतं. मांडवात वन्स मोअर येतो तो त्या थांबण्याला.

यातलं काहीही मूळ गाण्यात नव्हतं. सूर कुठं ठेवायचा, काय गाळायचं, कुठं थांबायचं, कोणत्या शब्दावर ताल उचलायचा, हे सगळे निर्णय त्या ऑर्गनवाल्याचे. महिनाभरानं दुसरी कंपनी तेच गाणं तसंच तालाशिवाय सुरू करते, तसाच ढोलकीचा उठाव घेते, नेमकी त्याच जागी थांबते. तिनं सिनेमातलं गाणं उचललेलं नाही. त्या थांबण्याची जागा सिनेमात नाहीच, मग ती आली कुठून? मोबाइलवर चित्रित झालेल्या पहिल्या कंपनीच्या प्रयोगातून आली. शेत मालगुजाराचं आहे म्हणून बटईदारानं पिकवलेलं धान कुणीही रात्रीतून कापून न्यावं, असं आपल्या भागात कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र शहाणी माणसंही तेच म्हणतात.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. अमेरिकेत सर मिक्स-अ-लॉट या रॅपरचं 'बेबी गॉट बॅक' हे गाणं १९९२ साली आलं. २००५ साली जोनाथन कोल्टन या गायकानं त्याला गिटारवरची संथ, गोड, पूर्णपणे नवी चाल दिली. मूळ रॅपमध्ये चाल अशी नव्हतीच. जानेवारी २०१३ मध्ये फॉक्स वाहिनीच्या 'ग्ली' या लोकप्रिय मालिकेनं तीच नवी चाल, तीच मांडणी वापरली आणि कोल्टनचं नाव कुठंही घेतलं नाही. गाण्यात मूळ रॅपरनं स्वतःचं नाव गुंफलेलं होतं, त्या जागी कोल्टननं स्वतःचं 'जॉनी सी' हे नाव घातलं होतं. मालिकेच्या गाण्यात तेही तसंच राहिलं. याहून मोठा पुरावा कोणता हवा? कोल्टननं विचारणा केली तेव्हा, त्याच्याच सांगण्यानुसार, उत्तर मिळालं की कायद्यानं आम्ही बरोबर आहोत आणि तुला प्रसिद्धी मिळाली याचा तू आनंद मान. फॉक्ससारखी बलाढ्य वाहिनी आणि आपल्याकडची छोटी नाटक कंपनी यांच्या बोलण्यात तसूभरही फरक नाही. दोघीही आधी कायद्याची ढाल करतात, मग प्रसिद्धीची. म्हणून या दोन्ही ढाली एकेक करून बाजूला करू.

पहिली ढाल कायद्याची. "कायद्यात बसतं का ते सांग," असं म्हणणाऱ्यांना कायदा अर्धाच माहीत असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीचं नवं संयोजन हे त्या कृतीचं रूपांतर मानलं आहे आणि रूपांतराचा हक्क मूळ कृतीच्या मालकाकडं ठेवला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात कलम ३१-सी आलं. एखाद्या गाण्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं उलटली, की आगाऊ सूचना देऊन, रॉयल्टी भरून कुणालाही त्याची कव्हर आवृत्ती काढता येते. पण ती काढताना मूळ गाण्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणजे बांधणीच्या प्रश्नात कायद्याच्या नजरेत दोनच जण उभे आहेत, मूळ गाण्याचा मालक आणि ध्वनिमुद्रणाचा मालक. ध्वनिमुद्रण जसंच्या तसं वापरलं तर कायदा आड येतो. पण ते ऐकून तसंच पुन्हा वाजवलं, तर ज्यानं मूळ मालकाला न विचारता बांधणी केली त्याला हात धरायला जागा फारशी उरत नाही. अमेरिकेतही गोष्ट तशीच. सक्तीच्या परवान्याखाली केलेल्या मांडणीला मूळ मालकाच्या संमतीशिवाय वेगळं संरक्षण मिळत नाही. कोल्टन अडला तो इथंच.

इथंच समोरचा विजयी मुद्रेनं म्हणतो, "बघ, तुझा हक्क नाहीच." मी त्याला कायद्याच्याच इतिहासाची आठवण करून देतो. १९५७ च्या कायद्यात गायकाला, वादकाला त्याच्या गाण्यावाजवण्यावर स्वतंत्र हक्क नव्हता. १९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडून या उणिवेबद्दल स्पष्ट खंत व्यक्त केली आणि संसदेनं विचार करावा असं सुचवलं. कलावंताचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं. २०१२ मध्ये त्याला आपलं नाव लावलं जाण्याचा नैतिक हक्कही मिळाला. आता सांगा, १९९३ साली गायकाचा गळा वापरून त्याला डावलणं न्याय्य होतं का? तेव्हाही ते अन्यायाचंच होतं, कायद्याच्या ते लक्षात यायला वेळ लागला एवढंच. न्याय काय ते आधी माणसांना कळतं, मागाहून ते कलमात उतरतं. संयोजकाच्या बाबतीत आपण आज १९५७ मध्येच उभे आहोत. कायदा गप्प आहे याचा अर्थ त्यानं उचलेगिरीला संमती दिली असा होत नाही.

शिवाय आपल्या भागातलं कितीतरी गाणं कायद्याच्या कक्षेतच येत नाही. धार्मिक समारंभात, लग्नाच्या वरातीत गाणं सादर केलं तर कायदा त्याला उल्लंघन मानत नाही, आणि तेच योग्य आहे. मार्कंड्याच्या मंदिरात महादेवाचं भजन म्हणणाऱ्यानं परवान्याचा कागद घेऊन फिरावं असं कोण म्हणेल? पण जिथं कायदा मुद्दाम दूर राहतो, तिथं माणसांनी एकमेकांशी नीट वागण्याची जबाबदारी वाढते. मी कोर्टकचेरी मागत नाही. मी रीत मागतो आहे.

दुसरी ढाल प्रसिद्धीची: "तुझी नक्कल झाली म्हणजे तू मोठा झालास." याचं उत्तर न्यूयॉर्कच्या डेव्ह व्हॅन रॉन्क या लोकगायकाच्या वाट्याला आलेल्या अनुभवात आहे. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' हे जुनं पारंपरिक गाणं. व्हॅन रॉन्कनं त्याला आपली वेगळी बांधणी दिली. बॉब डिलननं ती त्याच्याकडून ऐकून शिकली आणि पहिल्याच अल्बमसाठी ध्वनिमुद्रित करून टाकली. व्हॅन रॉन्कला विचारलं तेव्हा ध्वनिमुद्रण उरकलेलं होतं. तो अल्बम १९६२ मध्ये आला आणि पुढं व्हॅन रॉन्क ते गाणं गायला लागला की लोक म्हणू लागले, डिलनचं गाणं म्हणतोय. शेवटी त्यानं ते गाणं सोडून दिलं. १९६४ मध्ये इंग्लंडच्या 'द ॲनिमल्स' या बँडचं तेच गाणं जगभर गाजलं, तेव्हा डिलनवर तीच पाळी आली. त्या तबकडीवर संयोजक म्हणून बँडमधल्या पाच जणांपैकी एकट्या ॲलन प्राइसचं नाव छापलं गेलं आणि संयोजनाची रॉयल्टी त्याच्या एकट्याच्या नावावर राहिली.

ही घटना आपल्या ऑर्गनवाल्याची आहे. मोठ्या कंपनीनं त्याची बांधणी उचलली, ती कंपनी दहा गावांत आधी पोचली, की अकराव्या गावात मूळ बांधणारा स्वतःचंच गाणं घेऊन उभा राहतो आणि मंडपातून आवाज येतो, "अरे, हे तर त्यांचं!" ज्यानं घडवलं त्यालाच नकलाकार ठरवणारी ही प्रसिद्धी त्याच्या काय कामाची? पुढच्या हंगामाचं बुकिंग करायला गावकरी वडशाला येतात, तेव्हा ते त्या गाण्याची आठवण काढून मोठ्या कंपनीचं दार ठोठावतात. इथं नावाचा थेट पैशाशी संबंध आहे. दिवाळीनंतर मंडई भरायला लागते तेव्हापासून होळीपर्यंतच्या त्या मोजक्या महिन्यांत ज्याला वर्षाची कमाई करायची आहे, त्याला दुसऱ्याच्या नावानं मिळालेल्या टाळ्यांनी घर चालवता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून त्याला सर्वांत मनापासून उत्तर देतो. "लोककला सगळ्यांची असते. दंडार, खडी गंमत, रेला हे कुणा एकाचं नाही. तोंडातोंडी चाललेल्या कलेत तू मालकीची भाषा आणतोस आणि गावाचं गावपण मोडतोस." शिकणं नकलेतूनच होतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पोरगा मोठ्यांच्या शेजारी बसून त्यांच्यासारखंच वाजवत वाजवत तयार होतो. त्याला कुणी अडवू नये. पण आपली परंपरा बिननावाची होती, हे साफ चूक आहे. ती नावांनी गच्च भरलेली आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा असते आणि शेकडो वर्षं लाखो लोकांनी ते अभंग हव्या त्या चालीत म्हटले, तरी नाममुद्रा कुणी गाळली नाही. शाहिराच्या कवनात शाहिराचं नाव असतं. गवई गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतो.

जुनी संगीत नाटकांची पुस्तकं उघडून पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आलं, 'सौभद्र' १८८२ मध्ये. त्या काळच्या पदांच्या चाली कितीतरी वेळा आधीच्या पदांवरून, साक्यांवरून, लोकगीतांवरून घेतलेल्या. आणि छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं: 'चाल', आणि पुढं ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे सुरुवातीचे शब्द. हीच रीत भजनांच्या पुस्तकांत आली, कलापथकांच्या वह्यांत आली, जलशांच्या गाण्यांत आली. आपल्याकडं उसनं घेणं कधीच पाप नव्हतं. उसनं घेऊन ते माथ्यावर लिहायची पद्धत होती, इतकंच. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपरा पूर्ण पाळावी. 'चाल' अमक्याची असं लिहिता येतं, तर त्याखाली 'बांधणी' अमक्याची असं लिहायला कोणाची हरकत आहे?

नाव न लावण्याचे परिणाम किती लांबवर पोचतात, हे हिंदी सिनेमानं दाखवून दिलं आहे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचं भरघोस संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संयोजक. असे कितीतरी गोवेकर वादक स्टाफ नोटेशन लिहून शंभर-शंभर वाद्यांचा मेळ घालत आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं तरी 'साहाय्यक' म्हणून. ती गाणी घराघरांत आहेत, ही माणसं फार थोड्यांना ठाऊक आहेत. गोन्साल्विस यांचं नाव टिकलं ते त्यांच्या शिष्यामुळं. 'अमर अकबर अँथनी'च्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडं व्हायोलिन शिकले होते. १९७७ च्या त्या सिनेमातल्या गाण्यानं ते नाव देशभर पोचवलं. कुठल्याही कलमानं हे करायला भाग पाडलं नव्हतं. शिष्याला वाटलं म्हणून झालं. वाटलं तर होतं, हेच तर मी सांगतो आहे.

झाडीपट्टीला हे आता तरी कळायला हवं. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या भागातल्या प्रत्येक कलावंताची मान उंचावली. २०२२ मध्ये 'झॉलीवूड' हा झाडीपट्टीच्या नाटकांवरचा सिनेमा आला, शहरांतली माणसं वडशाची वाट विचारू लागली. नटाला मान मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण ज्याच्या सुरावर नट उभा राहतो, त्या साजिंद्यांच्या कामाची चोरी ही चोरीच मानली जात नाही, तोवर हा मान अर्धा आहे.

चौथा आक्षेप: "आम्हीच गरीब, कोणाकोणाला पैसे देणार?" ज्याचं उचललं तोही तितकाच गरीब आहे, हे विसरू नका. नाव घ्यायला एक रुपया लागत नाही. माइकवर नटीचं नाव पुकारता, बक्षीस देणाऱ्या दात्याचं नाव पुकारता, तर "या गाण्याची बांधणी अमक्याची" एवढं म्हणायला किती श्वास लागतो? काही जण म्हणतात की कव्हरवर आधीच्या कलावंताचं नाव घालायला कायद्याचीच मनाई आहे. ती तरतूद आहे, पण विकायच्या ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनाबद्दल, गिऱ्हाइकाची जुन्या गायकाच्या नावावर फसवणूक होऊ नये म्हणून. रंगमंचावरून ऋण मान्य करायला ती आड येत नाही.

आणि पाचवा, जो खरोखर टोचणारा आहे: "तूही तर सिनेमाच्या संगीतकाराला विचारलं नव्हतंस. मग तू कोणत्या तोंडानं न्याय मागतोस?" हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर दोन्ही दिशांना लागू होतं. बांधणी करणाऱ्यानंही मूळ संगीतकाराचं, कवीचं नाव घ्यावं, आणि ध्वनिमुद्रण करून विकायचं असेल तर परवाना घ्यावा, रॉयल्टी भरावी. जो वरच्याचं देणं देत नाही, त्याचा खालच्याकडं मागण्याचा आवाज लटका पडतो. पण त्यानं वरचं देणं थकवलं म्हणून तिसऱ्यानं त्याला लुटावं, हा न्याय कुठला? लुटणारा त्या मूळ संगीतकाराला तरी काय पोचवतो? काहीच नाही. एकाचं बुडवलं आणि दुसऱ्याचंही बुडवलं, यातून कोणाचंच देणं फिटत नाही.

आता सीमारेषा. ताल सारखा निघाला, शैली सारखी वाटली, दोघांना एकच मोड सुचली, तर ती चोरी नव्हे. खंजिरी भजनाचा बाज कुणा एका मंडळाचा नाही, रेल्याचा ठेका कुणा एका गायकाचा नाही. 'पारंपरिक' असा शिक्का मारताना मात्र तो बाज ज्या गावानं, ज्या समाजानं जपला त्याचं नाव लिहिलंच पाहिजे. मी बोलतो आहे ते ओळखता येणाऱ्या निर्णयांच्या साखळीबद्दल, जी एका माणसानं विचार करून जोडली आणि दुसऱ्यानं सुरुवातीपासून शेवटापर्यंत तशीच घेतली.

त्यासाठी मागणी साधी आहे. शिकण्यासाठी वाजवा, कुणाला विचारू नका. गावच्या भजनात म्हणा, फक्त नाव घ्या. तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर आधी विचारा आणि नावही घ्या. ध्वनिमुद्रण करून त्यावर कमाई होणार असेल तर विचारा, नाव घ्या आणि वाटा द्या. भजन स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेश अर्जावर चालीबरोबर बांधणीचाही रकाना ठेवावा आणि परीक्षकांनी तो पाहावा. नाटक कंपन्यांच्या जाहिरातीत ऑर्गन, तबला यांच्यापुढं नावं छापली जातात, त्यातच गाण्याच्या बांधणीची एक ओळ वाढवावी. आणि बांधणी करणाऱ्यांनी तालमीतलं ध्वनिमुद्रण तारखेसह जपून ठेवावं, म्हणजे वाद झाला तर गावच्या बैठकीतच मिटेल.

यापुढं कुणी "मूळ गाणंच तुझं नाही" म्हणालं, तर तक्रार करणाऱ्यानं मान खाली घालू नये. गाणं माझं नाही, हे मी कधीच नाकारलं नाही, असं त्यानं सांगावं. तू जे घेतलंस ते मात्र माझं आहे, आणि तुला ते हवं असेल तर माझं नाव घेऊन घे.